फोडाफोडीच्या तंबूतलं हापीस

माझी सून नर्स आहे. ड्युटीवरून आली की चहा होईपर्यंत ती मोबाईलवर एक खेळ खेळते. त्यात एक माणूस हातोडा घेऊन स्वयंपाकघरात शिरतो. कपाट, बरण्या, ताटं, खिडकी, दिसेल ते फोडतो. मग दुकान फोडतो, मग बसस्टँड. सून दहा मिनिटं हे करते, मोबाईल ठेवते आणि हसतमुख होऊन पोळ्या लाटायला बसते. परवा तिनं विचारलं, "मामा, तुमच्या वेळेला असलं काही होतं का हो?"

म्हटलं, "होतं. मीच चालवत होतो."

तिला गंमत वाटली. पण खरंच, माझ्या आयुष्यातली चांगली पंधरा-सोळा वर्षं मी जत्रेजत्रेनं लोकांना घर फोडू दिलं. आधी नोकर म्हणून, नंतर भागीदार म्हणून. कागदोपत्री माझा धंदा पेंटरचा. धाराशिव जिल्ह्यातल्या कितीतरी सोसायट्या, दूध डेअऱ्या आणि पिठाच्या गिरण्यांच्या पाट्या माझ्या हातच्या. पण मला कोणी ओळखलं असेल तर फोडाफोडीवाला पेंटर म्हणूनच.

तंबू बाबूमियांचा. बाबूमियां मूळचे उमरग्याच्या बाजूचे, उंच, एका डोळ्यानं अधू, आवाज मात्र नगाऱ्यासारखा. बहात्तरच्या दुष्काळात मी खडी फोडायला जात होतो. आमचं गाव वाशीच्या बाजूला, गावाबाहेर आमची बौद्धवस्ती. सातवी झालेलो, अक्षर चांगलं, पण त्या साली अक्षराला कोण विचारतो. खडीच्या कामावर नंबरांच्या पाट्या रंगवायला मुकादमानं मला घेतलं, ते बाबूमियांनी रस्त्यानं जाता जाता पाहिलं. ते थांबले. म्हणाले, "क्या रे, ये तू लिखा? चिनीमातीच्या बशीवर फूल काढता येतंय का?"

"बशी दिली तर काढतो की."

"बशी नक्को. मातीच्या थाळीवर काढायचं, आन् बशी वाटली पायजे."

तिथून मी त्यांच्याबरोबर गेलो.

धंदा असा होता. तंबूत एक दोरी बांधलेली. दोरीच्या पलीकडं, पाच-सहा पावलांवर, एका घराचा देखावा. फळीवर कपबश्या, बरण्या, ताटं, भिंतीवर घड्याळ, कोपऱ्यात मातीचा रेडिओ. तिकिटावर पाच चेंडू मिळायचे. चेंडू म्हणजे चिंध्यांचा घट्ट गोळा, वरून सायकलच्या ट्यूबचे पट्टे. मारा आणि फोडा. नवं गिऱ्हाईक हमखास विचारायचं, "बक्षीस काय?" बाबूमियां म्हणायचे, "फोडायला मिळतंय, हेच बक्षीस." लोक आधी हसायचे. पाच चेंडू संपले की पुन्हा तिकीट काढायचे.

माल कुंभाराकडून यायचा. वाकड्या झालेल्या, चिरलेल्या, विकता न येणाऱ्या थाळ्या. मी त्यांना पांढरा रंग देऊन निळी फुलं काढायचो. हमरस्त्यावरच्या हॉटेलांतून कान तुटलेले कप गोळा करायचे. काचेच्या बाटल्या बाबूमियांनी कधी ठेवल्या नाहीत, तुकडा उडून डोळ्यात जातो. त्यांचा अधू डोळा तसाच गेला होता, एका दुसऱ्या माणसाच्या तंबूत.

धंद्यातली खरी गोष्ट बाबूमियांनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितली. माणूस फोडण्यासाठी येत नाही, आवाजासाठी येतो. कच्चं भाजलेलं मडकं भद्दकन् बसतं, त्यात मजा नाही. म्हणून आमच्या देखाव्याच्या मागं, कापडाआड, एक मोठा पत्रा टांगलेला असे. थाळी फुटली की तुकडे त्या पत्र्यावर आदळायचे आणि सगळ्या जत्रेला ऐकू जाईल असा खळखळाट व्हायचा. जाहिरातीचा खर्च आम्हाला कधी पडला नाही.

काय फोडायला ठेवायचं आणि काय नाही, हे मात्र आम्ही शिव्या खाऊन शिकलो. अणदूरला खंडोबाच्या जत्रेत पहिल्यांदा आम्ही पाण्याची मडकी मांडली. एक म्हातारा शेतकरी दोरीपाशी आला, मडक्यांकडं बघितलं आणि ओरडला, "कुणी मेलंय का रं तुमच्यात? जत्रंत मडकी फोडायलाव!" बायकांनी लेकरं ओढून नेली. मडकी गेली. मग आरसा गेला, दिवा गेला, बांगड्यांचा स्टँड तर एका दिवसात गेला. आम्ही काही ते मानत नव्हतो, पण गिऱ्हाईक मानत होतं. घरातल्या निम्म्या वस्तू अशा असतात की त्या फुटल्या की कुणाला ना कुणाला काळजात लागतं.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. उमरग्याला एक ट्रकड्रायव्हर आला, सरदारजी नव्हे, आपलाच, बसवकल्याणकडचा. कानडी हेल काढून मराठी बोलायचा. त्यानं एका मागोमाग सात तिकिटं काढली. फळीवरचं सगळं झोपवलं. घामाघूम झाला. बाबूमियांनी विचारलं, "भाई, घरी भांडण झालं का?" तो म्हणाला, "भांडण कुठलं. अठरा वर्षं झाली, हैदराबादहून सोलापूरला कंदिलाच्या काचा नेतो. खड्डा आला की पाय ब्रेकवर. एक काच फुटली तरी शेठ बोलतो. आज पोटभर फोडलं." मग त्यानं स्वतः खराटा मागून घेतला आणि सगळे तुकडे गोळा करून दिले. असा माणूस मी पुन्हा पाहिला नाही.

एकदा सोसायटीच्या निवडणुकीत दोन पॅनेलची माणसं एकदमच तंबूत शिरली. एक म्हणतोय, "ती निळी बशी म्हंजी तुमचा चेअरमन." दुसरा म्हणतोय, "मग ती बरणी तुमचा." तासाभरात आमचा तीन दिवसांचा माल संपला. दोन्हीकडचे दमले, बाहेर जाऊन एकाच गाडीवर भजी खात बसले. बाबूमियां खुश. मला म्हणाले, "देख पेंटर, चीज फोडली की आदमी वाचतो. म्हणून आपल्या तंबूत आदमी नक्को. पुतळा नक्को, फोटो नक्को, चित्र नक्को. चीज रखो."

हा त्यांचा एकच नियम. तो मी मोडला, तेच आज सांगायचं आहे.

त्या मोठ्या दुष्काळानंतर दहा-बारा वर्षांनी पुन्हा लागोपाठ दोन सालं पाऊस आलाच नाही. घरातल्या वस्तू फोडायला लोकांचं मन होईना, जे आहे तेच कसंबसं टिकवायचं होतं. तंबू ओस पडला. तेव्हा मला हापीस सुचलं. हापिसातली कुठलीच वस्तू फुटली तर कुणाच्या काळजाला लागत नाही. अर्ध्या तंबूत घर ठेवलं, अर्ध्यात हापीस मांडलं. एक खरं जुनं टेबल, त्यावर मातीचा टेलिफोन, मातीची दौत, शिक्के, मातीच्याच फायलींचा गठ्ठा, मागं घड्याळ. वर मी पाटी रंगवली, 'साहेब जेवायला गेले आहेत'. लोक पाटी वाचून आधी हसायचे, मग तिकीट काढायचे. टेलिफोनला सर्वांत जास्त मागणी. एका जत्रेत मला चाळीस-चाळीस टेलिफोन करावे लागायचे.

त्याच उन्हाळ्यात आमच्या गावाला टँकर सुरू झाला. टँकर यायचा आणि गावातल्या आडात पाणी सोडून जायचा. आडाला आमच्या वस्तीनं हात लावायचा नाही, हे कायद्यानं कधीच संपलं होतं आणि गावात कधीच संपलं नव्हतं. माझी आई साठीची. घागर घेऊन आडापासून दहा हातांवर उन्हात बसायची. कुणाच्या मनात आलं तर वरून ओतायचं, नाही आलं तर रिकामी परत.

मी तालुक्याच्या हापिसात दोनदा गेलो. पाणीटंचाईचं टेबल ज्या कारकुनाकडं होतं त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणायचे. मीही तेवढंच म्हणतो, नाव सांगत नाही. काळी टोपी, जाड चष्मा, चष्म्याची एक दांडी तुटलेली आणि काळ्या दोऱ्यानं बांधलेली. मी म्हटलं, "भाऊसाहेब, टँकर आमच्या वस्तीत पण थांबू द्या." त्यांनी मान वर न करता म्हटलं, "बघू." दुसऱ्यांदा गेलो तेव्हाही "बघू" म्हणाले. तेव्हाही मान वर केली नाही.

मी परत आलो आणि चिखल मळायला घेतला. चार दिवस खपून भाऊसाहेबांचं डोकं केलं. टोपी, चष्मा, तुटलेली दांडी, तिला खराखुरा काळा दोरा. कुंभाराच्या आव्यात भाजून घेतलं. एक फुटलं तर असावं म्हणून पाठोपाठ आणखी पाच केली. बाबूमियां तेव्हा मुलीच्या सासरी गेले होते. तालुक्याजवळच्या एका गावची जत्रा होती, तंबू मी एकट्यानं लावला आणि खुर्चीवर ते डोकं ठेवलं.

दुपारपर्यंत सगळ्या जत्रेत बातमी झाली. आजूबाजूच्या दहा गावांची माणसं पाण्यासाठी त्या टेबलापुढं उभी राहिलेली. लोक ओळखायचे, पोट धरून हसायचे. "भाऊसाहेब, टँकर कुठाय?" असं ओरडून चेंडू हाणायचे. पहिलं डोकं फुटलं तेव्हा अशी आरोळी उठली की देवळातला पुजारी बाहेर येऊन बघून गेला. मला खोटं बोलायचं नाही, मला फार बरं वाटलं. दुसरं डोकं ठेवलं, तेही फुटलं, मग तिसरं ठेवलं. रांग पार नारळाच्या दुकानापर्यंत गेली.

चारच्या सुमाराला बाबूमियां आले. आत नजर टाकली आणि थबकले. "ये क्या है?"

"हापिसातला साहेब."

"ये साहेब नाही. ये कोई है." ते हळू बोलत होते, म्हणजे चिडले होते. "उतार."

"एवढी रांग संपू द्या," मी म्हटलं.

तेवढ्यात कुणीतरी मोठ्यानं ओरडलं, "ओ भाऊसाहेब! टँकर कुठाय?" आणि बाहेरच्या वाटेवरून जाणारा एक काळी टोपी घातलेला माणूस थांबला, वळला. आपल्याला कुणीतरी हाक मारतंय असं त्यांना वाटलं. ते तंबूच्या तोंडाशी आले आणि विचारलं, "काय म्हणालात?"

बायकोला घेऊन देवाला आले होते ते. बायको मागं बांगड्यांच्या दुकानात थांबली होती.

लोक एकदा आतल्या डोक्याकडं बघताहेत, एकदा बाहेरच्या. मग कुणीतरी हसलं, मग सगळेच हसले. भाऊसाहेबांनी आत पाहिलं. त्यांना स्वतःचा चष्मा दिसला असणार. त्यांनी हात नकळत दांडीला लावला. आणि त्याच वेळी पहिला चेंडू त्यांच्या छातीवर बसला. दुसऱ्यानं टोपी उडाली. मग एकानं खालचा तुकडा उचलून मारला, माझ्याच हातानं केलेल्या डोक्याचा, तो त्यांच्या भुवईवर लागला आणि रक्त आलं.

रक्त बघून लोक मागं सरतील असं मला वाटलं होतं. उलट पुढं सरकले.

मी दोरीवरून उडी मारली, भाऊसाहेबांच्या दंडाला धरलं आणि ओढत आत नेलं. बाबूमियांनी हापिसाचा पडदा खाली टाकला आणि पडद्यापुढं उभे राहिले. "खेल बंद! इधर का माल खतम!"

"माल तर आत्ताच आत गेलाय की!" कुणीतरी ओरडलं.

"घर फोडो घर!" बाबूमियांचा आवाज चढला. "घराचं तिकीट माफ! चेंडू फुकट, बश्या फुकट, सगळं फुकट!" आणि त्यांनी चेंडूंची टोपलीच लोकांत उपडी केली. क्षणभर काही कळेना, मग पलीकडं खळखळाट सुरू झाला. फुकट म्हटल्यावर लोक घराकडं वळले. माझ्या आठवड्याभराच्या थाळ्या पंधरा मिनिटांत गेल्या. पण माणूस वाचला.

आत भाऊसाहेब आमच्या टेबलामागच्या खुर्चीत बसले होते. तेवढी एकच खुर्ची होती. डोकं मी घाईनं खाली ठेवलं होतं, ते त्यांच्या पायाशी. मी रंगाचं स्वच्छ फडकं त्यांच्या भुवईवर दाबलं.

"हे तुम्ही केलंत?"

"व्हय."

"का?"

माझा आवाज चढला. मी आईचं सांगितलं. घागर सांगितली, दहा हात सांगितले, दोनदा येऊन गेलो ते सांगितलं.

ते ऐकत होते. मग म्हणाले, "कुठलं गाव?" मी सांगितलं. "तुमच्या गावाला एकच ठिकाण लिहिलंय. कागदावर तुमची वस्ती वेगळी न्हाईच. अर्ज दिला होता?"

"तोंडी सांगितलं की दोनदा."

"तोंडी कागदावर येत नसतंय हो. अर्ज लागतो. लिहिता येतं ना तुम्हाला?"

बाहेर बश्या फुटत होत्या. मी त्यांच्या डोक्यावरच्या पाटीकडं बघत होतो. अक्षर फार सुरेख आलं होतं. सोसायटीच्या पाट्या लिहिल्या, डेअरीच्या लिहिल्या, टेलिफोन रंगवले, चार दिवस खपून एका माणसाचं डोकं केलं. आईच्या पाण्यासाठी चार ओळी लिहिल्या नव्हत्या.

पण मीही सोडलं नाही. म्हटलं, "मला ठाऊक नव्हतं. तुम्हाला तर ठाऊक होतं. 'बघू' म्हणायच्या ऐवजी 'अर्ज आणा' म्हणायला काय झालं होतं?"

भाऊसाहेबांनी फडकं काढून त्यावरचं रक्त बघितलं. मग म्हणाले, "दिवसाला शंभर माणसं येतेत. मान वर केली की प्रत्येकाचं तोंड दिसतंय. म्हणून करत न्हाई." मग खिशातलं पेन काढलं. "कागद आहे का? घ्या. लिहा."

तिकिटांच्या पुस्तकातला एक पाठकोरा कागद होता. आमच्या त्या खोट्या हापिसात, मातीच्या टेलिफोनशेजारी, ते सांगत गेले आणि मी लिहीत गेलो. 'विषय' कुठं लिहायचा, गावाचं नाव आधी की वस्तीचं, घरं किती, माणसं किती. "खाली सगळ्यांच्या सह्या, अंगठे घ्या. सोमवारी आणा, मी माझ्या हातानं आवक नंबर टाकतो. नंबर पडला की कागद मरत नाही."

एवढ्यात त्यांच्या बायकोला कुणीतरी मागच्या बाजूनं आत आणलं. घाबरून गेली होती बिचारी. जखम बघितली, खोल नाही हे बघितलं, आणि मग तिची नजर पायाशी ठेवलेल्या डोक्यावर गेली. तिनं ते उचलून बघितलं.

"दोरा पण बांधलाय बघा," ती नवऱ्याला म्हणाली. "वर्ष झालं सांगायले, दांडी बदला."

भाऊसाहेबांनी पोलिसात तक्रार केली नाही. मागच्या बाजूनं त्यांना बसपर्यंत बाबूमियांनी स्वतः पोचवलं. परत आले. उरलेली तीन डोकी आणि खालचं एक त्यांनी माझ्यापुढं ठेवली आणि हातात लाकडी मोगरी दिली. मी एकेक करून फोडली. पत्रा काढलेला होता. मातीचा नुसता भद्द आवाज आला.

सोमवारी मी अर्ज नेला. भाऊसाहेबांच्या भुवईवर पट्टी होती. त्यांनी मान वर केली, नंबर टाकला, शिक्का मारला. अकराव्या दिवशी टँकर वस्तीत आला. पाणी गढूळ होतं, पण लोखंडी पिंपं भरली. आईनं पहिली घागर घरात नेऊन ठेवली आणि बाहेर येऊन विचारलं, "कुणी केलं हे?"

"मी अर्ज दिला, आई."

ती पिंपाकडं बघत राहिली. "मग आदी का न्हाई दिलास रं?"

त्यापुढं तंबू चालला आणखी काही वर्षं. हापीसही राहिलं, खुर्ची रिकामी. फरक एवढाच झाला की सकाळी, जत्रा भरायच्या आधी, मी त्या टेबलावर बसून लोकांचे अर्ज लिहून द्यायला लागलो. रेशनकार्ड, सातबारा, निराधार, विहीर. बाबूमियां कुरकुरले, मग स्वतःच ओरडायला लागले, "अर्ज सकाळी! फोडाफोडी दुपारी!" लोक सकाळी त्याच टेबलापुढं हात जोडून उभे राहायचे आणि दुपारी त्याच टेबलावरचा टेलिफोन उडवायचे.

एका जत्रेत एक म्हातारी आली. नवऱ्यामागं घर तिच्या नावावर व्हायचं होतं. मी अर्ज लिहिला, कुठं द्यायचा, नंबर कसा मागायचा ते समजावलं. दुपारी ती पुन्हा तंबूत दिसली. नातीनं तिचं तिकीट काढलं होतं. मी पाची चेंडू तिच्यापुढं धरले.

"घ्या मावशी, हाणा."

तिनं हापिसाकडं बघितलं, मग माझ्याकडं. चेंडू घेतले नाहीत. "आत्ता नगं. अर्ज गेलाय न्हवं का माजा? उत्तर येऊ दे. न्हाई आलं तर पुढल्या साली बगू." आणि तिकीट कमरेच्या पिशवीत घालून निघून गेली.

पुढच्या साली त्याच जत्रेत ती आली. मी काही विचारायच्या आत तिनं पदर खोचला आणि चेंडू मागितले.